मुंबई-आग्रा रोड: तुमचे थांबे, तुमच्या आठवणी (आणि एका विहिरीचा शोध)

पांझराकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. जानेवारीत मी आणि माझे वडील (आम्ही नाना म्हणतो, वय ७६) ठाण्याहून आग्र्यापर्यंत गाडीने जाऊन आलो. विमानाने गेलो असतो, रेल्वेने तर अजून सोपं होतं, पण नानांना रोडनेच जायचं होतं कारण १९७४ पासून बावीस वर्षं त्यांनी ह्याच रोडवर ट्रक चालवला. पिंपळगाव-लासलगावचा कांदा दिल्ली-आग्र्याला न्यायचा आणि परतीला हुंडेकरी (मालवाहतुकीचा दलाल) जो माल देईल तो आणायचा.

आमचं घर धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, धुळ्यात आग्रा रोड म्हणजे बाजारपेठ, लग्नाचा बस्ता काढायचा तर आग्रा रोडला. लहानपणी मला खरंच वाटायचं की हा आमच्या गावातलाच एक रस्ता आहे. मग लग्न होऊन ठाण्याला आले तर इथली जुनी माणसं एलबीएस मार्गाला अजून आग्रा रोड म्हणतात, आणि नणंदेकडे इंदूरला गेले तर तिथे एबी रोड, म्हणजे आग्रा-बॉम्बे. सगळीकडे हा एकच रस्ता! साधारण अकराशे-बाराशे किलोमीटर. पूर्वी अख्ख्याला एनएच ३ म्हणायचे, आता तुकडे पडलेत, नाशिक-धुळे ६०, धुळ्याच्या पुढे इंदूर-ब्यावरा ५२, तिथून ग्वाल्हेरपर्यंत ४६ आणि शेवटी ४४. नाना अजून तीन नंबरच म्हणतात.

ह्या प्रवासात मला एक गोष्ट नव्याने कळली. नानांना रोड गावांनी आठवत नाही, पाण्याने आठवतो. घाट चढला की इंजिन तापायचं, रेडिएटर उकळायचा, शिवाय तोंड धुवायला, स्टोव्हवर भात टाकायला पाणी पाहिजेच. त्यामुळे कुठे विहीर, कुठे हापसा, कुठल्या नदीला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी, हे सगळं डोक्यात पक्कं. कसारा घाटात वर टोपाची बावडी आहे, अहिल्याबाई होळकरांच्या काळातली, वर दगडी घुमट आहे तो टोपासारखा दिसतो म्हणून टोपाची. मी त्या घाटातून शंभर वेळा गेले असेन, कधी थांबले नव्हते. नाना गाडी लावायला सांगून काठी टेकत तिथपर्यंत गेले, दगडावर हात ठेवून दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहिले. मग म्हणाले, भर मे महिन्यात वरती आग ओकत असायची आणि इथे आत वाकलं की गार.

आता मुद्द्याचं. १९८३ साली ब्यावराच्या पुढे, पार्वती नदीचा पूल ओलांडल्यावर, बीनागंजच्या अलीकडे कुठेतरी त्यांच्या गाडीचा मागचा एक्सल तुटला. कांदा भरलेला. क्लीनरला पार्ट आणायला इंदूरला पाठवलं आणि नाना चार दिवस गाडीजवळ एकटेच. रस्त्याच्या डाव्या हाताला एक विहीर होती, शेजारी पिंपळ आणि मागे एक घर. त्या घरातल्या बाईंनी चारही दिवस दोन्ही वेळा भाकरी-भाजी पाठवली, पैसे घेतले नाहीत. नानांनी निघताना दोन गोणी कांदा उतरवून ठेवला आणि मालकाला तो भरून दिला. पुढे पाच-सहा वर्षं जाता-येता हॉर्न द्यायचे, मग गाडी बदलली, वेळापत्रक बदललं, ते राहिलंच. नाव विचारायचंही राहून गेलं, हे त्यांना आजपर्यंत लागलेलं आहे.

आम्ही ती जागा दीड तास शोधली, मिळाली नाही. आता तिकडे चौपदरी रस्ता झालाय. त्या बाजूचं कुणी इथे आहे का? आणि तुमच्याही आठवणी लिहा, जुन्या नव्या सगळ्या. नानांना रोज रात्री वाचून दाखवणार आहे.

द्राक्षबाग

ताई, पिंपळगाव बसवंतहून लिहितोय. तुमच्या वडिलांनी आमच्या आजोबांचाही कांदा नेला असेल. आजोबा सांगायचे की माल गेला की आठ दिवस जीव टांगणीला, फोन नाही काही नाही, ड्रायव्हर परत येऊन बिल्टी (माल पोचवल्याची पावती) आणि पट्टी (विक्रीचा हिशोब) हातात देईल तेव्हा कळणार काय भाव लागला. त्यामुळे ड्रायव्हर घरचा माणूस असायचा, आल्यावर जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. नानांना नमस्कार सांगा.

एबीरोडवाला

इंदूरकर हजर. आमच्याकडे पत्ता सांगतानाच एबी रोडपासून सांगतात, आणि निम्म्या पोरांना एबीचा अर्थ माहीत नसतो. आमचं कुटुंब सहा पिढ्या इंदूरला, पणजोबांचे आजोबा होळकरांच्या चाकरीत खानदेशातून आले, म्हणजे ह्याच रस्त्याने. घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि दोन्ही मिळून आमची जी भाषा होते तिला पुण्याचे नातेवाईक हसतात, पण मला ती माझी वाटते, त्यात आमचा दोनशे वर्षांचा प्रवास आहे.

ताई, महेश्वरला थांबलात की नाही? धामनोदहून आत वळलं की दहा-पंधरा किलोमीटर.

पांझराकाठची

@एबीरोडवाला, थांबलो ना, मुक्कामच केला. नाना इतकी वर्षं धामनोदवरून गेले पण महेश्वर कधी पाहिलं नव्हतं. माल घेऊन कोण वळणार आत. खलघाटच्या पुलावर मात्र नर्मदेत नाणं टाकून नर्मदे हर म्हणायचं हा नेम एकदाही चुकला नाही म्हणाले. ह्या वेळी घाटावर पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडले. मी त्यांना म्हटलं की ज्या बाईंच्या बावडीचं पाणी तुम्ही कसाऱ्यात भरायचे त्या इथे राहायच्या, इथूनच १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य पाहिलं. चांदवडलाही त्यांचाच रंगमहाल, रेणुकादेवीच्या देवळाचंही काम त्यांनीच केलेलं. नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, बाईला रस्त्यावरच्या माणसाची काळजी होती. बस, एवढंच.

मोसमपूल

मालेगावहून. जुना रोड आमच्या गावातून मोसम पुलावरून जायचा, रात्रभर ट्रकांची रांग, आम्हाला झोपेत तो आवाज लागायचा. बायपास झाला तेव्हा गावाला श्वास घ्यायला जागा मिळाली हे खरं, पण पुलाजवळचे पंक्चरवाले, चहावाले, भाकरीवाल्या बाया सगळे बसले. माझ्या वडिलांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं, दोन वर्षांत बंद केलं आणि लूमवर कामाला लागले. रस्ता रुंद झाला की सगळे टाळ्या वाजवतात, ज्यांचं पोट त्या अरुंद रस्त्यावर होतं त्यांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

जाता जाता, झोडग्याला रस्त्यालगत माणकेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. धुळ्याकडे जाताना दहा मिनिटं थांबा, कोरीवकाम बघून येताना रिकाम्या मनाने येणार नाही.

पांझराकाठची

@मोसमपूल, तुमचा प्रतिसाद नानांना दोनदा वाचून दाखवला. पुलाजवळच्या भाकरीवाल्या बायका त्यांना आठवतात, म्हणे रात्री दोन वाजतासुद्धा तवा गरम असायचा.

दोनचाकी

मी पुणेकर, बाईकवर २०१९ ला उज्जैनला चाललो होतो, सोबत मित्र. शिरपूरहून सकाळी निघालो, पळासनेर सोडलं की बिजासन घाट लागतो, एका वळणावर सांडलेल्या डिझेलवरून माझी गाडी घसरली आणि मी सरळ कठड्याला. खांदा निखळला आणि डाव्या पायाचं हाड मोडलं. माझ्या मागे जो ट्रक होता त्या ड्रायव्हरने आधी स्वतःची गाडी रस्त्यात आडवी लावली, मागून येणारं कुणी माझ्या अंगावर येऊ नये म्हणून. मग त्याने आणि आणखी दोघांनी मला ताडपत्रीवर उचलून केबिनमागच्या बाकावर झोपवलं आणि सेंधव्याला नेलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, अर्धा तास नुसता पडून होतो, तर हाच माणूस दुसरीकडे घेऊन गेला. त्याला उशिराचा दंड बसणार होता, त्याने मला सांगितलं नाही, मित्राला नंतर कळलं. पैसे द्यायला गेलो तर हात जोडले आणि म्हणाला, घाट में माता का मंदिर है, ठीक हो जाओ तो वहाँ नारियल चढ़ा देना.

गेल्या वर्षी बिजासनी मातेला जाऊन नारळ ठेवून आलो. ट्रकचा नंबर मित्राने लिहून घेतला होता तो कागद हरवला. नानांची बोच मला नीट कळतेय.

निळीपहाट

आमच्यासाठी हा रोड वेगळा आहे म्हणून लिहिते. मी धुळ्याचीच, साक्री रोडची. दरवर्षी १४ एप्रिलच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीतून दोन गाड्या महूला निघतात, बाबासाहेबांचा जन्म महूचा, १८९१ चा, आणि महू ह्याच एबी रोडलगत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सात वर्षांची होते, टेम्पोत मागे सतरंजी अंथरून सगळ्या बाया, भीमगीतं म्हणत म्हणत रात्र जायची, आणि मानपूरचा घाट चढताना सगळ्या एकदम शांत व्हायच्या कारण आता जवळ आलं. माझी आजी त्या घाटात दरवर्षी रडायची. मला वाटायचं तिला उलटी होतेय.

आणि इकडे धुळ्याच्या अलीकडे लळिंगला लांडोर बंगला, तिथे १९३७ ला बाबासाहेब येऊन राहिले होते, ३१ जुलैला तिथे यात्रा भरते. लोक लळिंगचा किल्ला बघतात, रस्त्यावरूनच दिसतो, फारुकी राजांचा. बंगला कुणी बघत नाही. ताई, तुम्ही गेलात का?

पांझराकाठची

@निळीपहाट, नाही गेले. धुळ्याची असून नाही गेले. येत्या ३१ जुलैला येते, नानांना घेऊन, तुम्ही असाल तर भेटू.

कोकणस्थलांतरित

मस्त धागा. प्रॅक्टिकल प्रश्न: आईवडिलांना (दोघं सत्तरीपुढचे) घेऊन डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर-आग्रा करायचं तर किती दिवस धरावे? आणि ठाणे ते कसारा ट्रॅफिकचं काय?

पांझराकाठची

@कोकणस्थलांतरित, आम्ही जायला पाच दिवस घेतले. पहिला मुक्काम धुळे (ठाण्याहून तीनशेच्या आसपास), दुसरा महेश्वर, तिसरा देवास, चौथा शिवपुरी, पाचव्या दिवशी आग्रा. तरुण असाल तर तीन दिवसात होईल पण म्हातारी माणसं असतील तर दर दोन तासांनी उतरवा, पाय सुजतात. ठाण्यातून पहाटे पाचच्या आत बाहेर पडा, माजिवडा ते वडपे अडकलात की तिथेच दीड-दोन तास. आता आमण्याहून समृद्धीने इगतपुरी गाठता येतं, २०२५ च्या जूनपासून तो टप्पा सुरू आहे, बोगद्यातून कसारा कळतही नाही. घाईत असाल तर तेच करा. आम्ही मुद्दाम घाटातून गेलो.

धुक्याचं मात्र मनावर घ्या. शिवपुरीच्या पुढे जानेवारीत सकाळी नऊ-दहापर्यंत बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. आम्ही साडेदहाला निघालो. नानांचा नियम असा की धुक्यात पुढच्या गाडीच्या लाल दिव्यामागे कधीच जायचं नाही, तो खड्ड्यात गेला की तुम्ही पण जाता.

एबीरोडवाला

परतीच्या प्रवासाबद्दल भर घालतो. इंदूरकडून धामनोदकडे उतरताना गणपती घाट लागतो, तिथे ब्रेक फेल होऊन फार माणसं गेली आहेत. आता उतारासाठी वेगळा रस्ता काढलाय, तरी लहान गिअरमध्येच उतरा आणि ट्रकच्या पुढे राहू नका.

देवासला थांबलात हे वाचून बरं वाटलं. कुमारजींचं घर पाहिलं का, टेकडीच्या पायथ्याला?

पांझराकाठची

बाहेरूनच पाहिलं, भानुकुल. नानांना शास्त्रीय गाण्यातलं काही कळत नाही असं ते स्वतः म्हणतात, पण कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं त्यांनी ट्रकच्या टेपवर खूप ऐकलीत, एका देवासच्या ढाबेवाल्याने कॅसेट दिली होती. मी त्यांना सांगितलं की क्षय झाला होता, कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ मध्ये इथे आले, कितीतरी वर्षं गाणं बंद होतं आणि ते अंथरुणावर पडून इथल्या लोकांची गाणी ऐकायचे. नाना म्हणाले, म्हणजे ते पण ह्या रोडवर गाडी बंद पडून थांबलेले. मी फाटकाशी उभी राहून रडले.

लष्करकर

ग्वाल्हेरहून सप्रेम नमस्कार. धागा आज वाचला, उशीर झाला. आमच्या शहराच्या ज्या भागाला लष्कर म्हणतात तो दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तिथे १८१० च्या सुमारास वसला, छावणी उठलीच नाही, शहर झाली. आमचं घर जनकगंजात. अजून गणपती बसतो, हरतालिका होते, आणि पुरणपोळी होते ती महाराष्ट्रापेक्षा जाड होते कारण इथली कणीक वेगळी.

जे कोणी येतील त्यांना एकच विनंती. शिवपुरीत तात्या टोप्यांचं स्मारक आहे, १८ एप्रिल १८५९ ला त्यांना तिथे फाशी दिली. आणि ग्वाल्हेरला फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी, १८ जून १८५८. लोक किल्ला आणि राजवाडा बघून पुढे पळतात, समाधीला पाच मिनिटं देत नाहीत. तात्या येवल्याचे, म्हणजे तुमच्याच नाशिक जिल्ह्यातले, राणीचं माहेर तांबे. घरापासून इतक्या लांब ही माणसं गेली, आपल्या भाषेत दोन शब्द तरी त्यांच्याशी बोलून जा.

थंडीत आलात तर मुरैन्याची गजक घ्या, तीळ-गुळाचीच पण इतकी हलकी की तोंडात ठेवली की विरघळते. मग चंबळचा पूल, तिथे हळू चालवा, दोन्ही बाजूंच्या घळी बघा, नशीब असेल तर वाळूत घडियाल पहुडलेली दिसते. पुढे धौलपूर, लाल दगड, की आग्रा आलंच.

पांझराकाठची

@लष्करकर, दोन्हीकडे गेलो, हातात फुलं घेऊन गेलो. आणि आग्र्याला लाल किल्ल्यासमोर महाराजांचा पुतळा आहे, तिथे नानांनी चप्पल काढून नमस्कार केला. १७ ऑगस्ट १६६६ ला महाराज इथून निसटले, हे आम्हाला चौथीपासून पाठ, पण एवढा रस्ता स्वतः चालवून गेल्यावर अंतराचा अंदाज येतो. घोड्यावर, वेष बदलून, मागे फौज, पावसाळ्यात भरलेल्या नद्या. बाराशे किलोमीटर म्हणजे काय ते माझ्या पाठीला कळलं तेव्हा मला तो धडा नव्याने समजला. ताजमहाल दुसऱ्या दिवशी पाहिला, सुंदरच आहे.

गुणा_मुक्काम

ताई, मी मूळचा सोलापूरचा, बँकेच्या नोकरीमुळे तीन वर्षं गुण्याला आहे. धागा परवा वाचला आणि काल रविवार होता म्हणून मोटरसायकल घेऊन गेलो. पार्वतीचा पूल ओलांडल्यापासून बीनागंजपर्यंत हळूहळू गेलो, जुना रस्ता जिथे सर्व्हिस रोडसारखा बाजूला राहिलाय तिथे आत शिरलो. एक विहीर मिळाली, पिंपळ आहे, मागे घर आहे पण नवीन, पत्र्याचं. विहीर गोल, अर्धी दगडांनी बुजलेली. घरातल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला आम्ही १९९५ नंतर आलो, आधीचे कोण ते माहीत नाही. चहा पाजला. फोटो जोडतोय, नानांना दाखवा.

द्राक्षबाग

वा दादा, मनापासून आभार. असा माणूस पाहिजे.

पांझराकाठची

@गुणा_मुक्काम, काय बोलू, तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे, सुट्टीचा दिवस घालवलात. फोटो नानांना दाखवला. चष्मा पुसून पुसून बघितला, मोठा करून बघितला. म्हणाले, ही नाही. पिंपळ असाच होता पण आमची विहीर चौकोनी, आत उतरायला पायऱ्या होत्या, मी बादली न घेता उतरून पाणी आणायचो. आणि घराकडून रस्त्याकडे बघितलं की समोर लांब एक बुटकी टेकडी दिसायची.

थोडे हिरमुसले, पण रात्री जेवताना आपणहून म्हणाले की बाईंच्या हातात चांदीचे जाड कडे होते आणि भाजी बहुतेक चंदनबटव्याची असायची. हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

गुणा_मुक्काम

चौकोनी म्हणजे पायऱ्यांची बावडी, मग बुजवलेली असली तरी खूण राहील. समोर टेकडी म्हणजे मी बहुतेक तीन-चार किलोमीटर आधीच थांबलो. पुढच्या रविवारी पुन्हा जातो, बँकेतला एक शिपाई तिकडच्याच गावचा आहे, त्याला सोबत घेतो. नानांना एवढंच विचारून ठेवा, पायऱ्या कुठल्या बाजूने होत्या?

पांझराकाठची

विचारलं. पूर्वेकडून. म्हणाले सकाळी तोंड धुवायला उतरायचो तेव्हा पाठीवर ऊन यायचं.